जुन्या लेन्सचा नवा संसार

बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. नटबोल्ट, पितळी दिवे, सायकलचे सुटे भाग, बंद पडलेली घड्याळं, कुलपांविना किल्ल्या असा सगळा माल रस्त्याकडेला चादरीवर मांडलेला असतो. त्यात अधूनमधून एखादा कॅमेराही दिसतो. चामडी केस फाटलेली, शटर अडकलेलं, आणि रोल घालायचा म्हटलं तर रोलची किंमत कॅमेऱ्याच्या वर. बहुतेकांच्या लेखी ती दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवायची वस्तू. पारखी गिऱ्हाईक मात्र कॅमेऱ्याकडे फारसं बघत नाही. ते पुढची लेन्स आटे फिरवून सोडवतं, उजेडासमोर धरतं, कडी पुढेमागे फिरवून बघतं, आणि मग घासाघीस सुरू होते. भाव जमला तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी सोव्हिएत रशियात किंवा जपानात घडलेली ती लेन्स संध्याकाळपर्यंत एखाद्या कोऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढलेली असते.

जगभर गेल्या दशक-दीड दशकात हा छंद वाढला आहे, आणि त्यामागे तंत्राची कारणं आहेत. पण पुण्याला त्याची मुळं शोधायला लांब जावं लागत नाही. कॅमेरा बाद झाला तरी काच जपायची, ही इथल्या स्टुडिओवाल्यांची आणि सिनेमावाल्यांची जुनी रीत आहे.

सुरुवात लाकडी कॅमेऱ्यांपासून करावी लागेल. 1840 मध्ये व्हिएन्नात जोसेफ पेट्झव्हाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी लेन्सची रचना केली. आधीच्या लेन्सपेक्षा तिच्यातून कितीतरी जास्त प्रकाश आत येई, त्यामुळे माणसाला खुर्चीत मिनिटंच्या मिनिटं ताटकळत ठेवण्याची गरज उरली नाही. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पश्चिम भारतात ही कला रुजू लागली. पुण्यात लष्कराची छावणी होती, पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचं कार्यालय होतं. त्या खात्यातल्या हेन्री कझिन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम भारतातल्या देवळांची आणि लेण्यांची छायाचित्रं काढली, ती काचेच्या जड प्लेटांवर आणि तिकाटण्यावर उभ्या केलेल्या पेटीकॅमेऱ्यांतून.

त्या काळच्या स्टुडिओ कॅमेऱ्याची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. मागे लाकडी चौकट, मध्ये चामड्याचा भाता, पुढे एक चौकोनी लाकडी पाटी आणि त्या पाटीत बसवलेलं पितळी नळकांडं. तीच लेन्स. पुष्कळ लेन्सना शटरही नसे. छायाचित्रकार पुढचं झाकण हाताने काढी, मनात आकडे मोजी आणि झाकण परत लावी. पावसाळ्यात लाकूड फुगे, भात्याला चिरा पडत, चौकट निखळे. पण पितळ आणि काच तशीच राही. पाटी बदलली की तीच लेन्स दुसऱ्या पेटीवर बसे. कॅमेरा सुतार करू शकत असे, लेन्स करू शकत नसे. म्हणून स्टुडिओची खरी मालमत्ता ही काचच असायची.

सिनेमाच्या बाबतीतही तेच घडलं. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी परदेशातून कॅमेरा आणण्याची वाट न बघता 1918 च्या सुमारास विष्णुपंत दामले यांच्या मदतीने स्वतःच कॅमेरा घडवला. चाकं, दाते, हँडल, पेटी हे सगळं कोल्हापुरातल्या कारागिरीत बसणारं होतं. छायाचित्रणाच्या दर्जाची काच मात्र तेव्हा देशात तयार होत नव्हती. त्या कॅमेऱ्याने चित्रित केलेला ‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात झळकला. पुणेकरांनी तो डोक्यावर घेतला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला.

बाबूरावांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये प्रभात पुण्यात आली, आणि पुण्यातला तिचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ 1934 मध्ये पडद्यावर आला. लेन्सच्या इतिहासात या चित्रपटाचं स्थान वेगळं आहे. त्यातला राजगुरू हा धर्माच्या नावाने बळी मागणारा कट्टर माणूस. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांनी केली, मराठीत केशवराव दाते यांनी. व्ही. शांताराम यांनी या राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. त्यासाठी टेलिफोटो लेन्स वापरली गेली, आणि भारतीय सिनेमात तिचा असा पहिला ठळक वापर म्हणून या दृश्याचा उल्लेख आजही होतो. छायाचित्रण केशवराव धायबर यांचं होतं. त्याआधी प्रभातने नव्याने काढलेल्या ‘सैरंध्री’च्या रंगीत आवृत्तीच्या कामासाठी शांताराम जर्मनीला जाऊन आले होते आणि तिथल्या सिनेमातलं प्रकाशाचं आणि कॅमेऱ्याचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं.

त्या डोळ्यामागचं काम समजून घेतलं की आजच्या छंदाचं मर्मही कळतं. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी पातळ असतो. नटाने मान बोटभर पुढे आणली तरी डोळा धूसर होतो. फोकस करणारी यंत्रणा तेव्हा एकच होती, माणसाचा हात. अंतर मोजायचं, कड्यावर खूण करायची, आणि नट हलला की कडं तेवढंच फिरवायचं.

प्रभात पन्नाशीच्या दशकात बंद पडली. तिच्याच जागेत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच उभं राहिलं. फोकस धरणाऱ्या हाताचं शिक्षण त्यामुळे लॉ कॉलेज रस्त्यावर पुढेही चालू राहिलं. कॅमेऱ्यापासून नटापर्यंत टेप धरून अंतर घेणं, जमिनीवर खुणा करणं, नुसत्या नजरेने फूट आणि इंच सांगणं हे कॅमेरा विभागातल्या विद्यार्थ्याचे पहिले धडे. सिनेमाच्या लेन्सचं कडं मुद्दाम लांबवर फिरणारं असतं, म्हणजे फोकस हलकेच सरकवता येतो. आज जुन्या लेन्सवर चलत्‌चित्र काढणाऱ्या तरुणांना हेच लांब फिरणारं कडं हवं असतं.

सिनेमाचं हे असं. पेठांमधल्या फोटो स्टुडिओंची आणि हौशी मंडळींची तऱ्हा वेगळी होती. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती, आयातीवर कडक बंधनं होती आणि परदेशी कॅमेऱ्यावर जबर कर होता. सर्वसामान्य घरात असलाच तर बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री असायचा: एका रोलवर बारा चौकोनी फोटो आणि न निघणारी साधी लेन्स. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे वरून डोकावून बघायचा दोन डोळ्यांचा याशिका असे. आणि ज्याला लेन्स बदलता येणारा कॅमेरा हवा, त्याच्यापुढे मोजक्याच वाटा होत्या. कुणी परदेशातून येणाऱ्या मामा-काकांना सांगून ठेवी, कुणी आखातातून परतणाऱ्याच्या सामानातून आलेला माल घेई. तिसरी वाट सोव्हिएत रशिया आणि पूर्व जर्मनीकडे जात होती. या देशांशी व्यापार डॉलरऐवजी रुपयांत चाले, म्हणून तिकडचे झेनिट आणि प्राक्टिका कॅमेरे, ओर्वोची फिल्म इकडे पोचू शकली. जुन्या बाजारात आज झेनिटची लेन्स सापडते, तिचं मूळ परराष्ट्र व्यापाराच्या त्या हिशेबात आहे.

अशी एक लेन्स हातात घेऊन बघू. हेलिओस 44-2. नाभीय अंतर 58 मिलिमीटर, सर्वांत मोठं छिद्र एफ 2, आत चार गटांत मांडलेल्या सहा काचा. हिची रचना मुळात जर्मनीतल्या येना गावच्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सची. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सोव्हिएत कारखान्यांकडे गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क इथे, पुढे वाल्दाय आणि मिन्स्कमध्येही, लाखोंनी बनली. पुढच्या कडेवर कारखान्याचं चिन्ह असतं. सहसा अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे साल. 78 असेल तर 1978. छिद्राला आठ पाती आहेत आणि छिद्रासाठी कडी दोन: एकावर हवा तो आकडा आधी ठरवून ठेवायचा, दुसरं फिरवून पाती उघडायची वा मिटायची. दुसऱ्या कड्याला टकटक नाही, ते लोण्यासारखं फिरतं. मागे 42 मिलिमीटर व्यासाचे आटे. 1949 च्या सुमारास पूर्व जर्मनीत रूढ झालेला हा आटा पुढे रशियन, जर्मन आणि जपानी अशा अनेक कंपन्यांनी उचलला, त्यामुळे एका देशाची लेन्स दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्यावर सर्रास बसू लागली.

1991 नंतर बाजार खुला झाला आणि दहा-पंधरा वर्षांत डिजिटल कॅमेरा आला. रोल धुणाऱ्या प्रयोगशाळा एकेक करून बंद झाल्या. जानेवारी 2012 मध्ये तर कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. या पडझडीत जुन्या कॅमेऱ्यांबरोबर त्यांच्या लेन्सही माळ्यावर गेल्या किंवा भंगारात निघाल्या. नव्या कॅमेऱ्यावर त्या बसत नव्हत्या, आणि न बसण्याचं कारण मिलिमीटरांत मोजण्याइतकं नेमकं होतं.

लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते, तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून घेतलेलं असतं. 42 मिलिमीटर आट्याच्या लेन्सला 45.46 मिलिमीटर लागतात. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात हे अंतर 44, म्हणजे दीड मिलिमीटरची पातळ चकती मध्ये घातली की काम झालं. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते 46.5, म्हणजे लेन्स एक मिलिमीटर आत सरकवावी लागेल, आणि तिथे तर कॅमेऱ्याची बॉडी आडवी येते. मग जवळचं स्पष्ट दिसतं, दूरचा डोंगर दिसत नाही. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सची अवस्था आणखी बिकट होती. 1971 मध्ये आलेली ही मालिका कंपनीने 1987 मध्ये ईएफ आणून सोडून दिली. एफडीला 42 मिलिमीटर हवेत, म्हणून ती कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर सरळ बसेना. उत्तम काच असूनही ती वर्षानुवर्षं कवडीमोल भावात विकली गेली.

सगळं चित्र पालटलं ते आरसा गेल्यावर. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये हलणारा आरसा असल्यामुळे तेवढी जागा सोडावीच लागत असे. 2008 मध्ये पॅनासॉनिकचा जी वन आला, 2010 मध्ये सोनीचा ई माउंट, आणि 2013 मध्ये पूर्ण 35 मिलिमीटर आकाराचा सेन्सर असलेला सोनी ए सेव्हन. या कॅमेऱ्यांत आरसा नाही. सोनीत लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत फक्त 18 मिलिमीटर, 2018 मध्ये आलेल्या निकॉन झेडमध्ये 16 आणि कॅनन आरएफमध्ये 20. हेलिओससाठी सोनीला 45.46 वजा 18, म्हणजे 27.46 मिलिमीटर लांबीची पोकळ नळी जोडली की हिशेब चुकता. तिच्यात काच नाही, वायर नाही, दोन्ही बाजूंना आपापले आटे आणि खाचा. एफडी, मिनोल्टा, पेंटॅक्स, लायका अशा जवळजवळ सगळ्या जुन्या लेन्सना एकाच वेळी दारं उघडली, आणि भावही चढले.

वापरणाऱ्याला काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. लेन्स जोडलेली आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून लेन्सविना शटर चालू देण्याची मुभा मेनूत द्यावी लागते. सेन्सर हलवून थरथर सावरणारा कॅमेरा असेल तर लेन्सचं नाभीय अंतर हाताने भरावं लागतं, नाहीतर सावरण्याऐवजी चित्र बिघडतं. फोकससाठी पडद्यावर चित्र मोठं करून बघता येतं, किंवा स्पष्ट कडांवर रंगीत रेघा उमटवणारी सोय वापरता येते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 58 ची लेन्स 87 मिलिमीटरसारखी दिसते, म्हणजे चेहऱ्याच्या फोटोला अगदी योग्य.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या चित्राच्या स्वभावासाठी. भिंगावरचं परावर्तन कमी करणारा पातळ लेप 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला, आणि अनेक थरांचे लेप सत्तरीच्या दशकात रुळले. त्याआधीच्या लेन्समध्ये समोरून ऊन आलं की चित्रावर उजेडाची साय पसरते, रंग मवाळ होतात. हेलिओसने छिद्र पूर्ण उघडं ठेवून मीटरभरावरचा चेहरा टिपला आणि मागे वेताळ टेकडीवरच्या झाडांतून झिरपणारं ऊन असलं, तर पानांमधले उजेडाचे ठिपके चेहऱ्याभोवती गरगरताना दिसतात. कडेच्या किरणांना लेन्सची नळी अर्धवट अडवते म्हणून गोल ठिपके बदामी होतात. रचनाकारांच्या दृष्टीने हा दोष होता. तोच आज लघुपट करणारे आणि लग्नाआधीचं चित्रीकरण करणारे मुद्दाम शोधतात. 2013 मध्ये लोमोग्राफी या कंपनीने पेट्झव्हालची 1840 ची रचना नव्याने बाजारात आणली, आणि त्या लेन्स घडल्या क्रास्नोगोर्स्कच्याच झेनिट कारखान्यात.

पुण्यात या लेन्सना इतरही कामं मिळाली आहेत. 50 मिलिमीटरची लेन्स उलटी जोडली की पहिल्या पावसानंतर टेकडीवर निघणारे किडे आणि रानफुलं भल्या मोठ्या आकारात टिपता येतात. 1944 मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे शहराला आकाशदर्शनाची जुनी सवय आहे, आणि ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्याला हाताने फोकस होणारी लेन्स सोयीची पडते. अंधारात स्वयंचलित फोकस चाचपडतो. जुनी लेन्स ताऱ्यावर एकदा लावली की तिथेच राहते.

खरेदी मात्र डोळ्यांत तेल घालून करावी. मोबाइलचा टॉर्च मागून मारला की आतलं सगळं दिसतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात माळ्यावर, चामडी केसमध्ये बंद पडलेल्या लेन्सला ती हमखास लागते, आणि फार दिवस राहिली तर लेप खाऊन टाकते. कडेला इंद्रधनुषी डाग असतील तर जोडलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. ती दुरुस्ती परवडत नाही. पात्यांवर तेल चढलेलं, कडं जड झालेलं, पुढचे आटे ठेचलेले या गोष्टी निभावता येतात. साध्या ओरखड्यांना घाबरू नये, चित्रात ते क्वचितच दिसतात. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार 50 मिलिमीटर एफ 1.4 सारख्या काही लेन्स पिवळ्या पडलेल्या सापडतात. त्यांच्या काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य आहे. काही दिवस उन्हात ठेवल्या की पिवळेपणा बराचसा उतरतो. घरी आणलेली लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावी.

दुरुस्तीचा कसबी हात हा या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा आहे. फोकसचं कडं अनेक तोंडांच्या आट्यावर फिरतं. ते उघडताना नेमकं कुठे सुटलं त्याची खूण आधी करावी लागते, कारण जुळवताना तोंड चुकलं तर लेन्स दूरवर फोकस होतच नाही. वाळून घट्ट झालेलं ग्रीस खरवडायचं, नवं अगदी बोटाच्या टोकाएवढं लावायचं, काचा ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाल्या तशाच बसवायच्या. हे पुस्तकातून येत नाही. पेठांमधल्या जुन्या कारागिरांनी ते झेनिट, याशिका, पेंटॅक्स उघडून कमावलं. त्यांची पुढची पिढी मोबाइलकडे वळली आहे, आणि हे ज्ञान घेणारे शागीर्द मोजकेच आहेत.

धावणारं मूल, उडणारा पक्षी, मंचावरचं नृत्य यांसाठी नवी स्वयंचलित लेन्सच बरी. तिथे जुन्या लेन्सचा हट्ट धरू नये. पण थांबून बघण्याजोगं जे आहे, त्यासाठी जुनी काच आजही कमी पडत नाही, आणि शिकणाऱ्याला अंतर, छिद्र आणि प्रकाश यांचं नातं ती जितकं स्पष्ट शिकवते तितकं दुसरं काही शिकवत नाही.

पुण्याने चित्रपट जपण्यासाठी संग्रहालय उभं केलं, प्रभातची आठवणही सांभाळली. पेठांमधल्या फोटो स्टुडिओंच्या वस्तूंना मात्र असं छत्र मिळालेलं नाही. स्टुडिओ बंद होतो, जागा विकसकाकडे जाते, लाकडी कॅमेरे आणि पितळी लेन्स किलोच्या भावाने जातात, आणि कुणाच्या काचेतून गावाची लग्नं, मुंजी, शाळेचे वर्ग टिपले गेले याचा मागमूस राहत नाही. ज्यांच्या घरात आजोबांचा कॅमेरा असेल त्यांनी तो एकदा माळ्यावरून उतरवावा. लेन्सवरचं नाव आणि क्रमांक, ती कुणी, कुठून आणि साधारण कधी आणली, तिने कोणते फोटो काढले, हे एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवावं. स्वतःला वापरायची नसेल तर छायाचित्रण शिकणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला ती वापरायला द्यावी, आणि तो कागदही सोबत द्यावा.